फुटक्या गुळाचे पोते

देवावर माझा विश्वास नव्हता हे आधीच सांगितलेले बरे, नाहीतर पुढचे वाचून कोणी मला जन्माची भाविक समजेल. माझे माहेर इंदापूर तालुक्यात बावड्याचे. आमच्या घरात देव्हारा नव्हता. देव्हाऱ्याच्या कोनाड्यात वडिलांनी समाजसुधारणेच्या पत्रकांचे गठ्ठे रचून ठेवले होते. दिवेलागणीला शेजारी आरती सुरू झाली की आमच्या ओसरीवर वडील त्यातले एखादे पत्रक मोठ्याने वाचत आणि आम्ही भावंडे मांडी घालून ऐकत असू. मी अक्षरे गिरवली ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे लिहिता येऊ लागल्याबरोबर मीही पत्रके लिहू लागले यात नवल नव्हते. हुंड्यावर लिहिले, जत्रेतल्या बोकडांवर लिहिले, आणि लग्नानंतर सर्वांत जहाल लिहिले ते पिंडाला शिवणाऱ्या कावळ्यावर. ‘मेलेल्या माणसाच्या मनातले कावळ्याला कळते, मग जिवंत माणसाच्या मनातले आपल्याला का कळत नाही?’ अशी त्याची सुरुवात होती. मला ती फार आवडत असे.

ते पत्रक छापायला पैसे दिले माझ्या यजमानांनी. ते बारामतीच्या पेठेत गुळाचे आडते होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, गुऱ्हाळे वाढली, आणि गावोगावचे शेतकरी ढेपा गाडीत घालून पेठेत आणू लागले. त्या ढेपांचा लिलाव करून देणे, शेतकऱ्याचा पैसा चुकता करणे आणि त्यावर आपली आडत घेणे हा त्यांचा धंदा. स्वभावाने मोठे देवभोळे. दर सोमवारी कऱ्हेकाठच्या महादेवाला जाऊन आल्याशिवाय ते तोंडात पाणी घेत नसत. माझी पत्रके वाचून ते मनापासून हसत आणि म्हणत, “कावळ्याला काय बोलायचं ते बोल. आमच्या महादेवाला तेवढं मधे आणू नगंस. गरीब देव हाय, त्याला वकील न्हाय.” मी त्यांच्या देवाची थट्टा करी, ते माझ्या पत्रकांची करीत, आणि आमचा संसार सुखाचा चालला होता. पत्रकाच्या न खपलेल्या प्रती त्यांनी दुकानाच्या माळ्यावर नीट बांधून ठेवल्या होत्या. एकही रद्दीत घातली नाही.

दसऱ्याच्या सुमारास त्यांना विषमज्वर झाला. त्याच आठवड्यात इन्कमटॅक्सची नोटीस आली होती. ताप चढला की ते बरळत, आणि बरळण्यात दुसरे काही नसे. “कागद राहिला. कागद भरायचा राहिला.” मी कपाळावरची घडी बदलत म्हणे, बरे वाटले की भरा. त्यांना बरे वाटले नाही.

बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा मी फोडू दिल्या नाहीत. स्वतःच्या हाताने काढल्या आणि डबीत ठेवल्या. सासूबाई रडता रडता थांबून माझ्याकडे बघत राहिल्या, आणि कशी कोण जाणे, मग त्याच मधे पडून म्हणाल्या, “राहू द्या गं. तिचं तिला कळतंय.” त्या माउलीचे हे एक वाक्य मला जन्मभर पुरेल.

दहाव्याला आम्ही कऱ्हेवर गेलो. पिंड मांडला, सगळे मागे सरले, आणि समोरच्या बाभळीवर कावळे बसले ते बसलेच. एकही खाली उतरेना. माझे दीर पुढे होऊन म्हणाले, “दादा, वहिनीला अंतर देणार न्हाय.” कावळे हलले नाहीत. सासूबाईंनी सांगितले, सत्यनारायण घालू. त्यांच्या मामांनी सांगितले, वर्षश्राद्ध थाटात करू. ऊन चढत चालले. लहान मुले भुकेने किरकिरू लागली. दुकानातल्या हमालांचे मुकादम तात्या, म्हातारे आणि फटकळ, हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाले, “सूनबाई, तुमी बोला. मालकाचा जीव तुमच्यात हुता.”

“तात्या, मी यावर काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे ना?”

“हाय की. तुमचं पत्रक कावळ्यानं वाचलंय, म्हनून तर तो रुसलाय.”

त्या दुःखातही चार माणसे हसली. मला मात्र राग आला. कावळ्यांचा, जमलेल्या लोकांचा, आणि खरे सांगायचे तर जे मला असे उघड्यावर सोडून गेले त्यांचा. त्या रागातच मी पिंडासमोर गेले आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, “बरं. तुमचा तो इन्कमटॅक्सचा कागद मी भरीन. आणि खरा भरीन. आता तरी झालं?”

मी मागे वळायच्या आत कावळा खाली आला.

या गोष्टीवर मी वाद घालणार नाही. कावळ्याला भूक लागली असेल. माणसे बोलून दमली, सगळे गप्प झाले, म्हणून त्याला उतरायला धीर आला असेल. मी ते नुसते पाहिले तसे सांगते. पण शब्द माझा होता, आणि तो मी दिला होता. पिंडाला दिला की कावळ्याला की त्यांना, याने शब्द काही कमी होत नाही. शब्द पाळावा हे तर मला पत्रकांनीच शिकवले होते.

सुतकाच्या दिवसांत इन्कमटॅक्सच्या साहेबांचा बारामतीचा मुक्काम होऊन गेला. आम्ही अर्ज केला तेव्हा पौषातल्या इंदापूरच्या मुक्कामाची तारीख मिळाली. दीर वेगळे राहत, त्यांचे कापडाचे दुकान होते. मी त्यांना भाऊजी म्हणे. माणूस वाईट नाही, पण व्यवहाराचा. ते म्हणाले, “वहिनी, कचेरीत बाईमानसाचं काम न्हाय. दुकान माझ्या हवाली करा, मी सही करतो, तुमी बावड्याला जावा, वडलांपाशी ऱ्हावा, पत्रकं लिव्हा.” मी म्हणाले, दुकान मी चालवीन. तात्या आहेत, हमाल आहेत, लिलाव मी रोज खिडकीतून ऐकत आले आहे. आणि कागद मीच भरीन.

मी भरायला बसले आणि एका जागी अडले. ती जागा सांगायची तर पेठेतली एक रीत सांगायला हवी. गूळ घेणारा व्यापारी ढेप बघताना तिचा कोपरा फोडतो, तुकडा जिभेवर ठेवतो, उरलेला खाली टाकतो. त्याला नमुना म्हणतात. दिवसभरात आडत्याच्या ओट्यावर अशा फुटक्या कोपऱ्यांचा ढीग साचतो, आणि रीतीप्रमाणे तो आडत्याचा. हंगामभराचा नमुना म्हणजे काही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. बहुतेक आडते तो विकतात, आणि कागदात मात्र त्याचा उल्लेख कोणी करत नाही. यजमानांनी नमुन्याचे काय केले हे मला ठाऊक नव्हते. घरात तो कधी आला नाही. मी तात्यांना विचारले.

“मालक सवता पोत्यात भरायचं,” तात्या म्हणाले. “मग कुनाच्या तरी परतीच्या गाडीत घालायचं. कुठं जायाचं, मी इचारलं न्हाय. मालकानं सांगितलं न्हाय.”

भाऊजींनी हे ऐकले आणि डोळा मारला. “म्हंजे दादानं बाहेर गिऱ्हाईक धरलं हुतं. हुशार! वहिनी, नमुन्याचं नाव काढू नका. तुमी नाव काढलंत की साहेब मागल्या वर्सांचंबी धरंल. मग दुकान न्हाय ऱ्हात.”

हिशेब साधा होता. गप्प राहिले तर दुकान राहते. बोलले तर बहुधा जाते, आणि त्याबरोबर तात्यांचे, हमालांचे पोट जाते, आणि मी बावड्याच्या ओसरीवर जाऊन बसते. पण दुकानाहूनही एक गोष्ट मला टोचत होती. त्यांनी खरेच चोरून विकला असेल का? दर सोमवारी महादेवाला जाणारा माणूस, माझ्यापासूनसुद्धा लपवून? मला देव खोटा वाटत होता, पण माझा नवरा खरा वाटत होता. तोही खोटा निघाला तर मी उभी कशावर राहणार? महादेवाला हात जोडणे मला जमण्यासारखे नव्हते. एका सोमवारी मी कऱ्हेकाठी गेले, देवळाबाहेर उभी राहिले, आणि आत न बघताच म्हणाले, तुमच्या माणसाचे तुम्ही बघा, मी माझा शब्द बघते. प्रार्थना म्हणावी असे मी केलेले ते पहिलेच काम, आणि तेही भांडल्यासारखे.

तारखेच्या दिवशी सकाळी मी आणि भाऊजी भिगवणवरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीने निघालो. चोपड्या लाल फडक्यात बांधून मांडीवर घेतल्या होत्या. भाऊजी वाटभर मला शिकवत होते. विचारले तेवढ्यालाच उत्तर द्यायचे, पदर पुढे घ्यायचा, शक्य झाले तर रडायचे. “रडायला काय, म्या बी रडतो संगट,” ते म्हणाले.

पळसदेवच्या अलीकडे ओढा लागतो. तिथे आमची मोटार थांबली, कारण ओढ्याच्या वाळूत आधीच एक काळी मोटार रुतून बसली होती आणि तिच्या मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला होता. वाट एकच, तीही अडलेली. सगळे उतारू खाली उतरले. त्या मोटारीचा पट्टेवाला धोतर खोचून वाळू उपसत होता आणि लांब कोट घातलेले एक गृहस्थ ओढ्याच्या काठी छत्री उघडून उभे होते. भाऊजींनी त्यांना पाहिले आणि माझे मनगटच धरले.

“वहिनी, ह्येच. ह्येच इन्कमटॅक्सचे साहेब. बघा की, सरकारच आडवं पडलंय!”

पाटा सांधायला गावात माणूस गेला. लोहार शेतावरून यायचा होता, मोटार ओढायला हवेत ते बैल चरायला गेले होते. तोवर काय करायचे, म्हणून आम्ही सगळे नदीकाठच्या महादेवाच्या देवळात जाऊन बसलो. भीमेच्या काठावरचे ते जुने दगडी देऊळ, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, मंडपात हिवाळ्यातही गार. देवळाची गुरवीण एक वाकलेली म्हातारी होती. आम्ही टेकतो न टेकतो तोच ती पाण्याची कळशी आणि परडीत गूळ घेऊन आली. साहेब, पट्टेवाला, मोटारवाला, उतारू, सगळ्यांच्या हातावर तिने सारखाच एकेक खडा ठेवला.

“खावा. नुसतं पानी लागतं पोटाला. महादेवाच्या दारात कुनी कोरडं पानी पीत न्हाय.”

आम्ही खाल्ला, पाणी प्यालो. माझ्या हातावर आलेला खडा तांबूस होता, भाऊजींच्या हातावरचा पिवळाधमक, शेजारच्या बाईचा जवळजवळ काळा. हे माझ्या डोळ्यांनी टिपले, पण मनाने त्याचे काही केले नाही. मन कागदात होते.

थोड्या वेळाने साहेब पट्टेवाल्याला म्हणाले, “बैल येईपर्यंत नुसतं बसून काय करायचं? आजच्या यादीतलं इथं कुणी आहे का?” पट्टेवाल्याने आमच्याकडे बोट केले, कारण भाऊजी मघापासून त्यालाच नमस्कार करत होते. ज्या कचेरीकडे मी जीव मुठीत धरून निघाले होते, ती कचेरी अशी महादेवाच्या मंडपात, एका पालथ्या ट्रंकेवर, माझ्यासमोर मांडली गेली.

“मयतांच्या आपण कोण?” साहेबांनी विचारले.

“पत्नी.”

“लिहिता-वाचता येतं?”

“साहेब,” भाऊजी मधेच म्हणाले, “तेवढंच येतं. सैपाकाचं इचारू नका.”

साहेब हसले नाहीत. त्यांनी कागद वाचला, चोपड्या उघडल्या, बोट फिरवत खाली आले. आडत, तोलाई, भाडे, सगळे जमत गेले. ते मान डोलावत होते आणि भाऊजींचा चेहरा उजळत होता. मग साहेबांनी चष्मा काढला.

“गुळाचे आडते. नमुन्याचं काय करीत?”

भाऊजींनी माझ्या पायावर पाय दिला. मी पायही काढला नाही आणि पदरही पुढे घेतला नाही. कऱ्हेकाठचा तो दहाव्याचा दिवस मला स्पष्ट दिसत होता. मी म्हणाले, “नमुना निघत होता. पुष्कळ निघत होता. ते स्वतः पोत्यात भरून कुठंतरी पाठवत. कुठं, ते मला माहीत नाही. विकत नव्हते असं मला वाटतं, पण वाटतं त्यावर मी सही करणार नाही.”

“मेलो,” भाऊजी पुटपुटले.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. “बाई, पेठेतला प्रत्येक आडता मला सांगतो की नमुना निघतच नाही. निघतो म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. पण तुम्ही निघतो म्हणालात, आणि गेला कुठं ते सांगता येत नाही. मग मला अंदाजानं आकारावा लागेल. मागच्या वर्षांचाही. याला माझा इलाज नाही.”

“धरा,” मी म्हणाले.

आणि गंमत अशी की ते म्हणताच मला हलके वाटले. दुकान गेले होते. तात्यांना काय सांगायचे ते कळत नव्हते. तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखे झाले. माझ्या हाती जेवढे होते तेवढे मी करून चुकले होते, पुढचे माझे नव्हतेच. असे हातातून सोडून देणे मी त्याआधी कधी केले नव्हते. पत्रके लिहिणाऱ्याची मूठ नेहमी वळलेली असते.

साहेबांनी दौतीत टाक बुडवला, आणि तेवढ्यात गुरवीण पुन्हा परडी घेऊन आली. या खेपेला तिने काखेत पोतेही आणले होते. ते तिने मंडपाच्या फरशीवर उलटे करून झटकले. शेवटचे चार खडे आणि चुरा खाली पडला.

“घ्या लेकरांनो, सरला. आता उंद्यापास्नं वाटसरूला नुसतं पानी.”

फरशीवर पडलेल्या त्या खड्यांकडे मी पाहिले. तांबूस, पिवळा, काळपट, आणि एक मधासारखा. प्रत्येकाला दोन बाजू सपाट आणि एक बाजू फुटकी. कोणतेही गुऱ्हाळ असा रंगारंगाचा गूळ करत नाही, आणि कोणी ढेप घरी फोडली तर सगळेच तुकडे कोपऱ्याचे निघत नाहीत. असा गूळ फक्त आडत्याच्या ओट्यावर साचतो.

भाऊजींनीच विचारले. त्यांनीही पाहिले होते, शेवटी तेही पेठेतलेच. “म्हातारे, ह्यो गूळ कुठला?”

“बारामतीचा. एक आडत्या हाय, गाडीवानाकडं धाडतो. आमी त्याला फुटक्या गुळाचा शेट म्हनतो. शिवरातीला सवता येतो, पिंडीवर पानी घालतो, माज्या हातची भाकर खातो. भिवईवर वण हाय बघ, हितं.” तिने आपल्या उजव्या भुवईवर बोट फिरवले. “लई वरसांमागं, मिसरूड बी फुटलं नव्हतं तवा, गाडीमागनं चालत आला आन् हितंच पायरीवर पडला उन्हानं. माज्या धन्यानं गूळपानी पाजलं. तवापास्नं धाडतो. औंदा गाड्या सुरू झाल्या तरी पोतं न्हाय आलं. इसरला आसंल.”

उजव्या भुवईवरचा तो वण मी कितीदा बोटाने पुसल्यासारखा केला होता. ‘लहानपणी पायरीवर पडलो’ एवढेच ते सांगत. आणि दर महाशिवरात्रीला ‘भीमाकाठच्या गाड्या ठरवायला’ जात, तेव्हा मी म्हणे, बरा महादेव चुकवून जाता आज! ते नुसते हसत. मला का सांगितले नाही हे त्या क्षणी समजले. मी थट्टा केली असती. कावळ्यावर करते तशीच. गरीब देवाला वकील नव्हता, म्हणून त्यांनी त्याला माझ्यासमोर उभाच केला नव्हता.

“विसरले नाहीत,” मी म्हातारीला म्हणाले. “ते गेले. मी त्यांची बायको.”

गुरविणीने माझ्याकडे पाहिले. ती खाली बसली, फरशीवरचा एक खडा उचलून माझ्या मुठीत घातला आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून बसून राहिली. नवरा गेल्यापासून मी लोकांसमोर रडले नव्हते. तिथे रडले. भाऊजींनी कबूल केल्याप्रमाणे माझ्याबरोबर तेही रडले, पण ते काही शिकवल्यासारखे नव्हते.

साहेबांच्या टाकावरची शाई वाळून गेली होती. त्यांनी आपल्या बोटांना चिकटलेल्या गुळाकडे पाहिले, मग पट्टेवाल्याकडे, आणि गंभीरपणे म्हणाले, “म्हणजे पुरावा आपण सगळ्यांनी आधीच खाल्लेला आहे.” मग नमुन्याच्या रकान्यात त्यांनी काही आकारले नाही. गुरविणीचा जबाब घेतला, तिचा अंगठा घेतला, आणि माझ्या सहीसाठी कागद पुढे केला. बाकीच्या प्राप्तीवर जो रास्त कर बसला तो आम्ही भरला. परकीयांच्या खजिन्यात पैसा घालताना माझे हात सुखावले असे मी म्हणणार नाही, त्यावर माझे वेगळे पत्रक आहे. पण तो कागद सरकारचा होता तसा माझ्या नवऱ्याच्या नावाचाही होता, आणि त्या नावावर एक खोटी रेघ उमटली नाही.

दुपार कलता बैल आले. लोहाराने पाटा बांधला. काळी मोटार वाळूतून काढायला सगळ्यांनी हात लावला, साहेबांनीही कोट काढून लावला, आणि भाऊजी ओरडत होते, “लावा जोर, सरकार हलवायचंय!” उतारूंपैकी काहींना हे बोलणे इतके आवडले की ते मोटार निघाल्यावरही ओरडतच राहिले.

निघण्याआधी मी देवळात परत गेले. या वेळी आत गेले. हात जोडता येईनात, सवय नव्हती. म्हणून मुठीतला गुळाचा खडा पिंडीसमोरच्या पायरीवर ठेवला. इथे कावळा आला आणि तो उचलून घेऊन गेला असे लिहिता आले असते, तर कथेला शोभले असते. पण कावळा आला नाही. एक साळुंकी आली, तिने चोच मारली, तिला तो फार मोठा झाला, आणि ती तो तिथेच टाकून उडून गेली. मला त्याचे काही वाटले नाही. मला हवी होती ती खूण मी आधीच खाल्ली होती, तीही ती कोणाची हे न ओळखता, वाटसरूंच्या रांगेत बसून.

हे सगळे योगायोगाने जुळले असे माझे वडील म्हणतात. ओढ्यात वाळू असतेच, मोटारी रुततात, तहानलेल्याला पाणी मिळते. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, आणि सासूबाई महादेवाची कृपा म्हणतात तेव्हा त्यांच्याशीही घालत नाही. मला एवढेच कळले आहे की तो गूळ तिथे माझ्यासाठी कोणी मुद्दाम आणून ठेवला नव्हता. तो वर्षानुवर्षे अनोळखी माणसांच्या तोंडात पडत होता. त्या दिवशी त्या अनोळखी माणसांत मी होते. कृपा म्हणतात ती अशीच येत असावी. कोणीतरी कोणासाठी तरी काहीतरी न मोजता टाकून ठेवतो आणि आपण नेमके रिकाम्या हाताने तिथे पोचतो. हात भरलेले असते, खोटे लपवण्यात गुंतलेले असते, तर तो खडा मला घेताच आला नसता.

आता दुकान मी चालवते. लिलावाच्या वेळी पहिल्या हंगामात व्यापारी माझ्याकडे न बघता बोली बोलत, आता बघून बोलतात. भाऊजी आठवड्यातून दोनदा येतात, चोपड्या बघतात आणि चूक काढायला न मिळाल्यामुळे चहा पिऊन जातात. संध्याकाळी ओट्यावरचा फुटका गूळ तात्या माझ्यासमोर पोत्यात भरतात. पाऊसपाण्यात त्याला ओल लागू नये म्हणून आत कागदाचे अस्तर घालावे लागते. माळ्यावर माझ्या कावळ्याच्या पत्रकाच्या प्रती अजून पुष्कळ होत्या, त्याच मी वापरते. पत्रक मी मागे घेतलेले नाही. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो, फक्त सुरुवातीचा प्रश्न मी आता लोकांना कमी आणि स्वतःला जास्त विचारते. पळसदेवला कोणी वाचणारा वाटसरू आला तर त्याला गुळाबरोबर विचारही मिळेल, आणि न वाचणाऱ्याला नुसता गूळ मिळेल. दोघांचीही तहान भागावी.

महाशिवरात्रीला मी पोते घेऊन स्वतः जाते. गुरवीण भाकरी करून ठेवते. पिंडीवर पाणी घालायला मला तिनेच शिकवले. धार बारीक धरायची, घाई करायची नाही. आणि दरवर्षी इन्कमटॅक्सचा कागद भरून झाला, सही वाळली, की मी दुकानाचे दार ओढून घेते, त्यांच्या गादीकडे वळते आणि हळूच सांगते, “भरला बरं का. खरा भरला.”